हाडाला गप्प बसवण्याची नोकरी

सर्व संबंधितांस, असंबंधितांस, आणि ज्यांचे आजवर एकही हाड मोडलेले नाही अशा भाग्यवंतांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, प्लॅस्टरने हाड जुळत नाही. कधीच जुळलेले नाही. पुढेही जुळण्याची शक्यता नाही.

ही घोषणा करणारा इसम गेली एकवीस वर्षं सोलापुरातल्या एका इस्पितळात प्लॅस्टर घालण्याचंच काम करतो आहे. म्हणजे आचाऱ्यानं भर पंगतीत उभं राहून 'जेवणानं पोट भरत नाही' असं सांगण्यातला प्रकार. पण काय करणार, खरं आहे. आणि खरं सांगायला दिवाळी अंकाइतकी सुरक्षित जागा नाही, कारण आमचे साहेब दिवाळी अंक वाचत नाहीत.

साहेब म्हणजे आमचे हाडांचे सर्जन. मितभाषी, सडपातळ, इस्त्रीचे. मी त्यांच्या नेमका उलटा. आमच्या प्लॅस्टरच्या खोलीत मला सगळे 'मामा' म्हणतात. मोडलेला पाय घेऊन आलेला माणूस आधी मामाच्या ताब्यात येतो, आणि बरा झालेला माणूस शेवटी मामाच्याच हातून सुटतो. मधल्या वेळात साहेब त्याच्या हाडाचे फोटो बघतात.

माझं काम दिसायला सोपं आहे. जाळीदार कापडाच्या पट्टीवर प्लॅस्टरची पूड हातानं चोळायची आणि तिची गुंडाळी करायची. ती कोमट पाण्याच्या बादलीत उभी सोडायची. बुडबुडे थांबले की बाहेर काढायची, हलकी पिळायची, आणि पायावर आधी कापूस गुंडाळलेला असतो त्यावरून फिरवत न्यायची. तळहातानं थापायची, बोटानं कधीच दाबायची नाही. बोटाचा खळगा आतून कातडीला रुततो आणि तीन आठवड्यांनी तिथे जखम सापडते. ओलं प्लॅस्टर आवळताना गरम होतं. हे पेशंटला कुणी सांगितलेलं नसतं. तो ओरडतो, "मामा, भाजतंय की हो!" मी चेहरा पडू न देता सांगतो, "शिजतंय. हलू नका, कच्चं राहील." इतका निश्चल पेशंट तुम्हाला दुसऱ्या कुठल्याही खोलीत बघायला मिळणार नाही.

मग हाड जुळतं कशानं?

साहेबांनी मला हे फळ्यावर तीनदा चित्रं काढून समजावलं होतं. मला कळलं ते मात्र स्वयंपाकघरात, बायको दही लावत असताना. हाड मोडलं की आतल्या रक्तवाहिन्याही तुटतात आणि मोडल्या जागी रक्त साकळतं. लोक म्हणतात, अरेरे, केवढं रक्त साकळलं! अहो, तेच तर दूध आहे. मग हाडाच्या वरच्या सालीतून आणि आतल्या मगजातून जिवंत पेशी त्यात उतरतात. ते विरजण. कडेच्या मांसातून नव्या, केसासारख्या रक्तवाहिन्या आत शिरतात. ती ऊब. काही आठवड्यांत तिथे कानाच्या पाळीसारखा चिवट गोळा तयार होतो, हळूहळू त्यात चुना भरतो, आणि एक दिवस ते हाड होतं. ना मामाचा हात, ना साहेबांचा. ज्याचं त्याचं हाड ज्यानं त्यानं लावलेलं असतं.

आणि दही लागत नाही कधी? दूध कमी असेल तेव्हा. पायाच्या नडगीचा खालचा भाग चाचपून बघा, नुसती कातडी आणि हाड. मांस नाही, म्हणून रक्ताचा पुरवठाही बेताचा. म्हाताऱ्या माणसाचं खुब्याचं हाड मोडतं तेव्हा त्याला रक्त पोचवणाऱ्या नळ्याच त्याबरोबर तुटतात. कधी पू होतो, म्हणजे दुधात घाण पडली. कधी मोडलेल्या दोन टोकांमध्ये मांसाची पट्टी अडकून बसते, मग ही दोन टोकं एकमेकांना भेटणार कशी? आणि कधी दूध उत्तम, विरजण उत्तम, ऊब उत्तम, पण कुणीतरी येता-जाता पातेलं हलवत असतं. प्लॅस्टरची कामगिरी फक्त इथे. पातेल्यावर हात ठेवून बसायचं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला म्हणायचं, हलवू नको रे बाबा.

थोडक्यात, मी हाडं जोडत नाही. मी त्यांना गप्प बसवतो.

न जुळणारी हाडं दोन जातींची असतात, हे मला जेऊरच्या गणपतरावांमुळे कळलं. गणपतराव रेल्वेच्या रुळांवर काम करायचे. रुळाखालचा लाकडी स्लीपर त्यांच्या पायावर पडला. हाड कातडी फाडून बाहेर आलं, पू झाला, आणि तो सुकायला एवढा वेळ लागला की आमच्या खोलीतल्या सगळ्यांना गणपतरावांच्या म्हशींची नावं पाठ झाली. पू थांबला, हाड मात्र जुळेना. साहेबांनी फोटो उजेडावर धरला. मोडलेली दोन्ही टोकं टोक काढलेल्या पेन्सिलीसारखी बारीक आणि गुळगुळीत झालेली.

"हे हाड बोलायचं थांबलंय," साहेब म्हणाले. "रक्त पोचत नाही. प्रयत्नच करत नाही ते."

"म्हंजी मेलं का काय?" गणपतराव.

"झोपलंय. जागं करू. कमरेच्या हाडातून थोडा चुरा काढायचा आणि इथे भरायचा. जिवंत असतो तो."

गणपतरावांनी जरा विचार केला. "म्हंजी माज्याच कणगीतलं दाणं माज्याच रानात पेरायचं. आसंच की?"

"असंच."

"मग दुसऱ्याची परवानगी कशाला? पेरा की!"

पहिल्या खेपेला पू उलटला आणि पेरलेलं सगळं वाया गेलं. दुसऱ्या खेपेला रुजलं. गणपतराव आले ते काठीशिवाय, माझ्या टेबलावर बोरांची पिशवी आपटली आणि म्हणाले, "मामा, कमरंतलं हाड आता नडगीत चालतंय. म्हंजी मी आता कमरंनं चालतो म्हणा की!"

तर गणपतरावांचं हाड गप्प झालं होतं. ज्याची गोष्ट सांगायला मी बसलोय त्या नरसय्याचं हाड मात्र बेंबीच्या देठापासून ओरडत होतं, आणि मला ऐकू येत नव्हतं.

नरसय्या भवानी पेठेतला विणकर. घरातले आपसांत तेलुगू बोलायचे, आमच्याशी त्यांचं स्वतःचं मराठी. तिशी नुकती ओलांडलेला, बारीक मिशीचा. घरातच जमिनीत खड्डा करून मांडलेला हातमाग. ज्यांनी बघितला नसेल त्यांच्यासाठी सांगतो, विणकर खड्ड्याच्या काठावर बसतो, पाय खड्ड्यात सोडतो, खाली पायानं दाबायच्या लाकडी पावड्या असतात. एक पाय दाबला की ताण्याचे निम्मे उभे धागे वर जातात, मधून आडवा धागा घेऊन धोटा पळतो, फणी ओढून तो ठोकायचा, मग दुसरा पाय. सुताचा गठ्ठा सायकलवर घेऊन येताना नरसय्या घसरला आणि त्याची डावी नडगी मोडली. नेमकी खालच्या भागात, जिथे दूध कमी.

साहेबांनी सांगितलं, बोटांपासून मांडीपर्यंत प्लॅस्टर घाला. नरसय्याला सांगितलं, चालायचं नाही. मी घातलं. सुंदर घातलं.

दीड महिन्यानं सूज उतरते, प्लॅस्टर सैल होतं, ते बदलावं लागतं. नेमके त्या दिवशी साहेब मंद्रूपला शिबिरासाठी गेलेले. नरसय्याबरोबर त्याची बायको बालमणी आली होती. ठेंगणी, कामसू, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघणारी.

"मामा," नरसय्या म्हणाला, "गुडघा तेवढा मोकळा सोडा की. बसता येत न्हाई वो. लई अवघड होतंय."

आता इथे माझी चूक. ती मी सविस्तर लिहितो, कारण तोंडी सांगताना मी ती नेहमी भरभर सांगून टाकतो. मोडलेल्या हाडाच्या वरचा आणि खालचा, दोन्ही सांधे बंद ठेवायचे असतात. गुडघा मोकळा ठेवला तर नडगीचा वरचा तुकडा गुडघ्याबरोबर हलत राहतो. हे मला माहीत होतं. पण मी स्वतःला मोठ्या मनाचा राजा समजतो, आणि समोर माणूस घामाघूम होऊन हात जोडून बसलेला. मी प्लॅस्टर गुडघ्याखाली थांबवलं. कडा इतकी सुबक वळवली की बालमणीनं हात लावून बघितली. पुढच्या खेपेलाही तसंच घातलं, कारण पहिल्या खेपेला काही बिघडलं नव्हतं. निदान मला तसं वाटलं होतं.

साहेबांना दिसलं नाही का? अहो, बाहेर रांग व्हरांडा ओलांडून गेलेली. नरसय्या लुंगी नेसून यायचा. साहेब फोटो बघायचे, पायाची बोटं हलवून बघायचे, पुढचा. लुंगीच्या आतलं बघायची जबाबदारी माझी होती.

आठ महिने झाले. हाडातली रेघ काही जाईना. साहेबांनी आमच्या दोघांसमोर शेवटचा फोटो उजेडावर लावला. इथे टोकं पेन्सिलीसारखी नव्हती. उलट, दोन्ही टोकं हत्तीच्या पावलासारखी पसरलेली, फुगलेली.

"विचित्र आहे," साहेब म्हणाले. "हे हाड प्रयत्न करतंय. जिवापाड करतंय. तरी जुळत नाही. मामा, प्लॅस्टर सैल होतं का?"

"नाही साहेब," मी म्हणालो. सैल नव्हतंच ते. माणूस खरं बोलून किती खोटं बोलू शकतो ते मला त्या दिवशी कळलं.

ऑपरेशन ठरलं. साहेबांनी नरसय्यापासून काही लपवलं नाही. पडला तेव्हा तिथली कातडी खरवडली होती, ती पातळ होती. ऑपरेशननंतर तिथे पू झाला तर मग गोष्ट लांबेल, आणि फारच बिघडलं तर पाय राहील की नाही हेही सांगता येणार नाही.

नरसय्या खोलीत येऊन माझ्या टेबलावर बसला. मग म्हणाला, "मामा, एका पायानं माग चालत न्हाई. एका पायाचा विणकर बघितलाय का तुमी?"

मी नव्हता बघितला.

ऑपरेशनच्या तीन दिवस आधी त्याचं जुनं प्लॅस्टर कापायला मला सांगितलं. करवत घेतली आणि सवयीनं त्याचा पाय वर उचलून तळवा बघितला. प्लॅस्टरचा तळवा हे आमच्या धंद्यातलं वर्तमानपत्र आहे. कोण गुपचूप चालला, कोण पायरीवर बसला, कोण लग्नात नाचला, सगळी बातमी तिथे छापलेली असते. चालणाऱ्याची टाच झिजते. नरसय्याची टाच नवीकोरी होती. पण चवड्याखाली एक तिरपी खोबण पडली होती, चांगली अंगठ्याएवढी रुंद, आणि तिच्यात हिरवे-लाल धाग्यांचे कण चिकटलेले.

"नरसय्या, तू चालतोस?"

"देवाशप्पथ न्हाई! साहेब म्हणाले चालू नको. आठ म्हयन्यांत पाऊल टाकलं न्हाई. हिला विचारा."

बालमणी लगेच पुढे झाली. "एक पाऊल न्हाई, मामा. कुबड्या घेऊन खाटंवरनं मागापर्यंत, आन मागावरनं खाटंपर्यंत. डावा पाय खाली टेकू दिला न्हाई मी."

"मागापर्यंत कशाला?"

दोघांनी माझ्याकडे बघितलं. एखाद्यानं विहिरीवर कशाला जाता असं विचारावं तसं.

"बसायला," नरसय्या म्हणाला.

"बसून काय करतोस?"

"विणतो की!"

वाचकहो, इथे त्या माणसाला हसू नका. विणकर मागावर बसतो. चालत नाही, उभा राहत नाही, ओझं उचलत नाही, बसतो. त्याच्या पेठेत 'आज बसलास का?' म्हणजे 'आज विणलंस का?' साहेबांनी त्याला चालायला मनाई केली होती, आणि त्यानं ती शब्दशः पाळली होती. बसायला कुणीच मनाई केली नव्हती. आणि मी? प्रत्येक खेपेला मी विचारायचो, "चालला नाहीस ना?" तो म्हणायचा, "न्हाई." मी खूश, तो खूश. गुडघा मोकळा कशाला हवाय हे मी एकदाही विचारलं नाही.

"दाखव," मी म्हणालो.

तो टेबलाच्या कडेवर सरकला, पाय खाली सोडले, आणि हवेतल्या पावड्या दाबायला लागला. उजवा, डावा, उजवा, डावा. घोटा प्लॅस्टरमध्ये बंद, गुडघा मोकळा. मग पावडी दाबणारा जोर वाकायला जागा शोधणार कुठे? मोडल्या जागी. प्रत्येक धोट्याला एकदा. सकाळपासून दिवस मावळेपर्यंत. बिचारं हाड दिवसभर उधळलेलं विरजण रात्री परत लावत होतं.

मी साहेबांच्या खोलीत गेलो. आयुष्यात मी नाटकी बोलायला कधी कचरलो नाही, पण तेव्हा सगळं दोन वाक्यांत आटपलं. गुडघ्याखाली प्लॅस्टर मी घातलं होतं, तुम्हाला न विचारता. आणि तो त्या पायानं माग चालवत होता.

"किती महिने?"

"साडेसहा."

मी मनातल्या मनात राजीनाम्याचा मजकूर जुळवत होतो. शेवटी त्यांनी तो फोटो पुन्हा उजेडावर लावला, त्या हत्तीच्या पावलांकडे बघितलं आणि म्हणाले, "बरं झालं."

"काय बरं झालं साहेब?"

"साडेसहा महिने हाल सोसूनसुद्धा हे हाड थकलेलं नाही. रक्त आहे, पेशी आहेत. याला चुरा नको, पाणी नको, खत नको. याला फक्त स्वस्थता हवी. ऑपरेशन पुढे ढकलू. तीन महिने. नाही जुळलं तर मग बघू." दारापर्यंत आल्यावर ते थांबले. "आणि प्लॅस्टर मी घालणार."

त्यांनी घातलं. बोटांपासून मांडीपर्यंत. मी बादली धरली. प्लॅस्टर अगदी ओबडधोबड झालं होतं, पण हे मी तेव्हा बोललो नाही.

नरसय्याला माग सोडायला सांगितल्यावर त्याचा चेहरा बघवेना. मागावर ताणा चढवलेला होता, लग्नसराईच्या साड्या अर्ध्यावर. ताणा तसाच ठेवला तर धागे सैल पडतात. दुसरा विणकर बसवायचा म्हणजे दुसऱ्याचा हात, वीण बदलते.

"मी बसते," बालमणी म्हणाली.

"तू?" नरसय्या ओरडला. "तुला पावडी कुटं म्हाईत?"

त्यांच्याकडे धोट्यासाठी सुताच्या कांड्या भरायच्या त्या बायकांनी आणि खड्ड्यात बसायचं ते पुरुषांनी, ही वहिवाट. ती कुणी घातली हे कुणाला ठाऊक नव्हतं, आणि ती मोडलेली कुणी पाहिली नव्हती. बालमणीनं लग्न झाल्यापासून ढीगभर कांड्या भरल्या होत्या, पण त्या भरताना तिचे डोळे कुठे असायचे हे कुणी विचारलं नव्हतं.

दर रविवारी मी भवानी पेठेत जायचो. कुणी बोलावलं नव्हतं, पण मला घरी बसवत नव्हतं. पहिल्या रविवारी जे दृश्य दिसलं ते मी जन्मात विसरणार नाही. बालमणी खड्ड्यात. नरसय्या खाटेवर, पाय तोफेसारखा छताकडे रोखलेला, आणि तोंडाचा पट्टा चालू.

"डावी दाब! डावी! आता फणी वड! अगं जोरात! तुटला, बघ, तुटला धागा!"

"मोडलाय कोण, तुमी का मी?" बालमणी मान वर न करता म्हणाली. "मामा, ह्यांच्या तोंडाला बी प्लॅस्टर घालायचं असतं का वो?"

"घालता येईल," मी म्हणालो, "पण आवळताना गरम होतं."

"होऊ द्या की!"

दारात शेजारच्या दोन बायका उभ्या राहून बघत होत्या. चौथ्या रविवारी त्या पाच झाल्या. सहाव्या रविवारी नरसय्या ओरडेनासा झाला होता. काठ नीट आलाय का ते बघायला तो खाटेवरून वाकायचा, बोटानं कापड घासून बघायचा आणि परत आडवा व्हायचा. काहीच न बोलता. ते मौन म्हणजे प्रशस्तिपत्र होतं, ते बालमणीला कळलेलं मला दिसायचं.

मध्यावर साहेबांनी त्याला प्लॅस्टरसकट उभं राहून पायावर भार द्यायला सांगितलं. मी चक्रावलो. चालू नको म्हणणारे हेच ना? साहेब म्हणाले, हाडाला सरळ दाब आवडतो. सरळ दाबानं ते आणखी घट्ट होतं. त्याला पीळ आणि वाक आवडत नाही. थोडक्यात, आठ महिने नरसय्या चालला असता तर एक वेळ चाललं असतं. आज्ञाधारकपणानंच घात केला होता. आणि माझ्या दयाळूपणानं.

तीन महिने भरले. त्या दिवशी मी करवत हातात घेतली. टरफल दोन भागांत उघडलं. आतला पाय नेहमीसारखा, काडीसारखा बारीक, केसाळ, पापुद्रे सुटलेला, वास मारणारा. नरसय्यानं डोळे मिटलेले. बालमणी त्याच्या डोक्याशी उभी.

साहेबांनी एक हात मोडल्या जागेच्या वर धरला, एक खाली, आणि हळूच वाकवून बघितलं. मग जरा जोरानं. दोन्ही हातांत एकच हाड आलं. "दुखतंय?"

"न्हाई."

"आता?"

"न्हाई वो साहेब."

फोटोत ती रेघ नव्हती. तिच्या जागी ढगासारखा एक पांढरा पट्टा दोन्ही हत्तीच्या पावलांना धरून बसला होता. साहेबांनी फोटो माझ्या हातात दिला आणि माझ्या पाठीवर एक थाप मारली. त्या एका थापेवर मी पुढची चार वर्षं काढली आहेत.

नरसय्या टेबलावरून उतरला. उजवा पाय टेकला. डावा टेकला. उभा राहिला. त्याच्या मिशीवरून पाणी ओघळलं, ते त्यानं पुसलंही नाही.

"आता महिनाभर काठी घे," साहेब म्हणाले, आणि त्यांच्या स्वभावाला न शोभेल असं हसले. "मग खुशाल मागावर बस."

आणि आठ महिने देव पाण्यात घालून बसलेली, तीन महिने खड्ड्यात बसलेली बालमणी, भर इस्पितळात, साहेबांच्या तोंडावर एकदम ओरडली, "ह्यांना मागासाठी दुसरा खड्डा खणून घ्या म्हणावं, पयल्यातनं मी न्हाई उठायची!"